आर नंबरचा दरवाजा

काचीगुडा, हैदराबाद
रविवार, ८ फेब्रुवारी १९४८

दादा,

संतरामचा दंडवत. द्वारकावहिनीलाही सांगा. शेवटी 'कृपाशीर्वाद असावा' असं लिहायची रीत आहे, पण मी निघताना तुम्ही जे बोललात त्यानंतर आशीर्वाद मागायची माझी छाती नाही. म्हणून नुसतं कळवतो, की मी पोचलो, धड आहे आणि दोन्ही वेळ पोटभर जेवतो आहे.

तुम्ही म्हणालात, "गावातले लोक धाडीच्या भीतीनं शेतात जाऊन निजून राहिले, अन् तू चेंडू खेळाया चाललास व्हय? जा. पुन्हा तोंड दाखवू नको." कडब्याच्या गंजीआड उभे होतात, अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली. करोडगिरीचा जकात नाका जळाल्यापासून तुमच्या नावाचं वॉरंट फिरतंय आणि तुम्हाला कुरुंद्यात आपल्याच घराचा उंबरा ओलांडता येत नाही, हे मला काय दिसत नव्हतं? पण मी तुमच्या मागं येतो म्हणालो तेव्हा तुम्ही काय म्हणालात तेही आठवा. "तू लेकरू हायस अजून." बावीस वर्षांचं लेकरू! मग लेकरानं खेळायला जायचं नाही तर काय करायचं?

आता मला आणणाऱ्याबद्दल. गोपीचंद तुम्ही पाहिलेला आहे. कापूस घेणाऱ्या पेढीचा गुमास्ता, सोनेरी काड्यांचा चष्मा लावतो, हंगामात जवळा बाजारला येऊन बसतो. बाजार उठल्यावर मी गाडीवानांशी पैज लावून विटीदांडू खेळत होतो, ते त्यानं पाहिलं. म्हणाला, हैदराबादेत एका अमेरिकन पादऱ्यानं पोरांना बेसबाल नावाचा खेळ शिकवलाय, शहराची टीम आहे, छावणीच्या टीमशी मॅच आहे आणि मारणारा कुणी नाही. राहणं-खाणं सगळं त्याच्या घरी. एवढा मोठा बाजार सोडून त्याला मीच कसा दिसलो, असं तुम्ही विचाराल. माझा टोला दिसला, दुसरं काय!

खेळ सोपा आहे. दांडू म्हणजे आपलं मुसळ, फक्त मुठीकडं बारीक. चेंडू कच्च्या बेलफळाएवढा आणि तेवढाच टणक. एकानं फेकायचा, आपण टोलवायचा आणि चार घरं पळून परत जाग्यावर यायचं. तीनदा हुकलं की बाद. पादरीसाहेबानं पहिल्या दिवशी फेकलेला चेंडू मी मिशनच्या भिंतीपलीकडं घालवला. तो टोपी काढून हसला आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, ती शिवी नसावी.

हुकायचं म्हटलं तर आयुष्यात मी ठरवूनच हुकलो, ते उकंडराव पाटलाच्या हळदीच्या खळ्यावर. शिजवलेली हळद वाळत पडलेली, तिथं पाऊल टाकायची बंदी, आणि आपल्याला तीच जागा हवी. दांडू माझ्या हातात, माझं तोंड रस्त्याकडं, तुमची पाठ. उकंडराव काठी घेऊन येताना दिसला की मी ओरडायचं नाही, कारण ओरडलं की त्याला नावं कळतात. विटी उडवायची आणि मुद्दाम हुकवायची. "संत्या हुकला म्हंजे पळायचं." तुमचाच कायदा तो. तुम्ही पळून जायचात आणि मार मी खायचो, हेही इथं लिहून ठेवतो.

पत्र गोपीचंद स्वतः डाकेत टाकणार आहे. पत्ताही त्यानंच उर्दूत घातला, म्हणाला उर्दू असलं की लवकर पोचतं. कुरुंद्यात तुम्ही नसणार म्हणून डोंगरकड्याचा दिला, वहिनीच्या माहेरचा. तिथं तुम्ही अधूनमधून जाता ना.

तोंड न दाखवणारा,
संतराम

०

काचीगुडा
शुक्रवार, २० फेब्रुवारी १९४८

दादा,

तुमचं उत्तर नाही. रागाला आलेला माणूस उत्तर देत नाही हे खरं, पण वाचतो तरी. म्हणून लिहितो.

शहर पाहिलं. चारमिनार पाहिला. खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते आणि पागोटं पडतं, माझं पडलंच. लाड बाजारात वहिनीसाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या, हिरव्या. दुकानदारानं हाताचं माप विचारलं, तेव्हा मी आपला पंजा मिटून दाखवला आणि तो "ये तो पहलवान की भाभी है" म्हणून हसला. वहिनीला हे सांगू नका. हुसेनसागराचा बांध पाहिला. आपल्याकडं एवढं पाणी असतं तर तुम्ही नाका जाळायच्या ऐवजी ऊस लावला असता.

गोवळकोंड्याला मात्र अंगावर काटा आला. खालच्या दरवाजात टाळी वाजवली की थेट वर, डोंगराच्या माथ्यावर, ऐकू येते. रतनसिंग खाली थांबला आणि मी वर गेलो. रतनसिंग म्हणजे गोपीचंदचा माणूस. दारावर असतो आणि मी बाहेर निघालो की सोबत निघतो. मी हरवेन अशी गोपीचंदला काळजी आहे. तर मी वर पोचलो आणि टाळी आली, अगदी कानाशी. खाली कुणी आलं, कुणी बोललं, सगळं वरच्यांना कळायचं म्हणे. मला वाटलं, अशा जागी माणूस मोकळेपणानं शिंकत तरी होता का?

जेवणाचं सांगतो. स्वयंपाकाला लच्चम्मा नावाची तेलंगी बाई आहे, वहिनीच्या आईएवढी. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही, आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीवर भागवतो. पहिल्या दिवशी ताटात हिरवी चटणी वाढली आणि म्हणाली, "गोंगुरा." मी चाखली आणि ओरडलो, "अहो बाई, ही तर अंबाडी!" आपलीच अंबाडी, इथं येऊन नाव बदलून बसली आहे. ती अंबाडी खाताना डोळ्यांत पाणी आलं. मिरच्या फार घालते.

वहिनीचं कार्ड आलं. गोपीचंदनंच वर आणून दिलं. डोंगरकड्याच्या घराची झडती झाली, माळ्यावरचं धान्य भाल्यांनी भोसकून पाहिलं आणि तिच्या वडलांना चावडीवर नेऊन दुसऱ्या दिवशी सोडलं, उजवा हात सुजलेला आहे, असं तिनं लिहिलंय. तुम्ही तिथं नव्हता म्हणून वाचलात. दादा, डोंगरकड्याचं कुणाला कळलं असेल? गावातलाच कुणी फितूर असणार. माझ्याकडून ते कुणाला कळलेलं नाही. गोपीचंदला माहीत आहे, पण तो तर पाकिटावर लिहायला. त्याला मी कार्ड वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हळहळला, की चहा तसाच गार झाला. म्हणाला, "भाई की बड़ी तकलीफ है तुमको." मग तुमच्याबद्दल विचारलं, कसे दिसता, कुठं जाता. मायेनं विचारणारा माणूस इथं भेटला नव्हता, म्हणून मीही बोललो. तुमचा पांढरा फेटा, तुमच्या मिशा, सगळं सांगितलं. तुम्ही फेटा बांधता तसा कुरुंद्यात कुणी बांधत नाही, हेही सांगितलं.

हे पत्र डोंगरकड्याला पाठवत नाही. जवळा बाजारच्या तांड्यावरच्या मोहनसिंगच्या नावानं टाकतो. तो बैलगाडी घेऊन फिरतो, त्याला तुम्ही सापडताच. मोहनसिंगचं गोपीचंदला सांगताना क्षणभर थांबलो होतो, का ते माहीत नाही. पण पत्ता घातल्याशिवाय पत्र कसं जाणार?

संतराम

०

काचीगुडा
सोमवार, १ मार्च १९४८

दादा,

तुमची ओळ मिळाली! मोहनसिंगनं डाकेत टाकून का होईना, मिळाली. "एकदा तुझा टोला बघायचा हाय. मग हद्दीपलीकडं जातो." एवढंच. सही नाही, पण अक्षर ओळखायला सही कशाला पाहिजे. मी ती ओळ वाचून खाली पळत गेलो आणि लच्चम्माला दाखवली, जशी काही तिला मराठी वाचता येते. तिनं चिठ्ठी उलटी धरली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पाकीट एका कडेनं फाटलेलं होतं. डाकेत फाटतातच.

तुम्ही मला माफ केलंत असं मी समजतो. नसलं केलं तर इथं येऊन करा. मॅच १४ मार्चला, रविवारी दुपारी चार वाजता, मिशनच्या मैदानावर आहे. हे सुचवलं गोपीचंदनंच. तो म्हणाला, "इतनी भीड़ में कौन किसको पहचानता है? भाई को बुला लो." खरं आहे त्याचं. कुरुंद्यात तुम्ही एका खोकल्यानं ओळखू येता, इथं तर माणसाला माणूस विचारत नाही. शनिवारी पूर्ण्याहून गाडी धरा. फेटा बांधू नका, मिशा उतरवा. वहिनी ओळखणार नाही, पण मी ओळखेन.

मैदानाला चारी बाजूंनी कनाती लावणार आहेत आणि आत यायला दरवाजे, दरवाज्यांना नंबर. मी मारायला उभा राहतो तिथून समोर दोन-तीन दरवाजे दिसतात, त्यांतल्या एकातून तुम्ही आत या आणि तिथंच आत बसा, म्हणजे मला दिसाल. नंबर उघड लिहीत नाही. गोपीचंदलाही सांगितलेला नाही, उगीच चार कानांत कशाला. आपल्या भाषेत सांगतो, म्हणजे पाकीट वाटेत फुटलं तरी कुणाला अर्थ लागायचा नाही. विटीदांडूत टोले कसे मोजतो आपण? वकट, लेंड, असं म्हणत म्हणत आर. तर आर. आरच्या दरवाज्यानं या. वाचणाऱ्याला वाटेल, कुण्या आरबाचं घर असेल. शहरी लोकांना विटीदांडूचं काय कळतंय!

मॅच झाली की तुम्हाला इराण्याच्या हाटेलात नेतो. चहावर एवढी साय असते, की चमचा उभा राहील. सोबत कांद्याचे छोटे समोसे. मग खुबानीचं मीठं, म्हणजे सुक्या जर्दाळूंचा शिरा समजा, वर दुधाची मलई. तुम्ही गोडाला कसे भुलता ते मला माहीत आहे, वॉरंट असलं तरी दोन वाट्या खाल. आणि मग तुम्ही संस्थानच्या हद्दीपलीकडं जा, मी अडवणार नाही. नेलंत तर मीही येईन. लेकरू म्हणायचं नाही फक्त.

आता कृपाशीर्वाद मागतो.
संतराम

०

काचीगुडा
गुरुवार, ११ मार्च १९४८

दादा,

येऊ नका. हे पहिल्या ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं वाचायच्या आधीच तुम्ही थांबाल. येऊ नका.

आज सकाळी लच्चम्मा चुलीशी बसून भाकरी टोपलीत टाकत होती आणि मोजत होती. मी शेजारी मिरच्या निवडत होतो. ती म्हणाली, "ओकटी." मी कान टवकारले. "रेंडू. मूडू. नालुगू." दादा, मला वाटलं कुरुंद्याचा माळच घरात आला! वकट, लेंड, मूंड, नाल! मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "आर!" ती हसत सुटली, मान हलवत राहिली आणि म्हणाली, "नहीं बेटा, ऐदू. आरू तो छे होता." आणि खरंच पाचवी भाकरी टाकून तिनं ऐदू म्हटलं, सहावी टाकून आरू.

म्हणजे आपण लहानपणापासून ज्यावर टोले मोजले ती या लोकांची गिनती आहे. आपल्याकडं येता येता कुणीतरी पाच खाऊन टाकला आणि सहाला पाचच्या जागी बसवलं. आपला आर पाचवा, यांचा सहावा. मी पोट धरधरून हसलो. तुम्हाला कधी एकदा सांगतो असं झालं.

दुपारी मी जिन्याखाली तोंड धूत होतो. वर गोपीचंद रतनसिंगाशी बोलत होता. म्हणाला, "इतवार को अपने आदमी छे नंबर के दरवाजे पे रहेंगे. अंदर भी, बाहर भी." मी ओला तसाच वर गेलो आणि विचारलं, "छे नंबर काहून?" तो चष्मा पुसायला लागला. म्हणाला, "वहाँ भीड़ ज़्यादा होती है, बेटा."

सहाला भीड कशी असेल? सहा नंबर मिशनच्या गोठ्याकडं आहे, तिथून आत कुणी येत नाही. सहा हा आकडा मी कुणाकडं बोललो नाही, पाचही बोललो नाही. जगात एकाच कागदावर 'आर' लिहिला होता आणि तो कागद मी त्याच्या हातात दिला. गोपीचंदचा जन्म याच शहरात गेला, पेढीवर तो हमालांशी दिवसभर तेलंगी बोलतो. त्यानं पाकीट फोडलं, जवळा बाजारात शिकलेल्या मराठीवर आर वाचला आणि लच्चम्मासारखंच त्याचं सहा केलं.

मग एकेक उलगडत गेलं. डोंगरकडा. वहिनीच्या वडलांचा हात. फाटलेलं पाकीट. चहा गार होईपर्यंत त्यानं विचारलेले तुमचे प्रश्न. रतनसिंग मी हरवू नये म्हणून सोबत नसतो. आणि दादा, सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? त्याला जवळा बाजारात माझा टोला दिसलाच नव्हता. त्याला तुमचा भाऊ दिसला होता. मी महिनाभर इथं छाती फुगवून फिरलो. मला स्वतःची किळस आली आहे, आणि त्याची चीड अशी, की जेवताना त्याचं ताट उचलून भिंतीवर आपटावंसं वाटतं.

तरी मी काही दाखवलं नाही. हसून बोललो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला कळलंय हे त्याला कळलं तर तो सगळ्याच दरवाज्यांवर माणसं लावील.

हे पत्र त्याच्या हातात देणार नाही. लच्चम्मा पदरात लपवून नेईल, तिचा भाऊ पूर्ण्याच्या लाइनीवर गँगमन आहे. पण आज गुरुवार. मोहनसिंग तांड्यावर असेल की गाडी घेऊन कुठं गेला असेल, आणि तुम्ही त्याला कुठं भेटाल, काही सांगता येत नाही. शनिवारी तुम्ही निघणार. मी पळून वाटेत तुम्हाला गाठावं म्हटलं, तर रतनसिंग दारात खाट टाकून असतो, आणि सुटलो तरी मी जिथं जाईन तिथं त्यांना तुमच्यापर्यंत नेईन. आजारी पडावं म्हटलं, तर मी नसलो तरी तुम्ही येऊन बसणारच. मला खेळावंच लागेल.

देवा, हे पत्र पोचू दे. दादा, येऊ नका.

संतराम

०

काचीगुडा
रविवार, १४ मार्च १९४८, दिवेलागण

दादा,

म्हणजे ते पत्र तुम्हाला मिळालं नाही.

मी आशा धरून होतो. पहिल्यांदा मारायला जायच्या आधी बाकावर बसून पाच नंबरकडं पाहत होतो आणि तिथं तुम्ही नव्हता. मनात म्हटलं, मिळालं पत्र, सुटलो. सहा नंबरला गोपीचंद चष्मा लावून उभा होता, आणि त्याच्या आजूबाजूला सात-आठ जण, साध्या कपड्यांतले, पण पायांत सगळ्यांच्या एकसारखे बूट. प्रत्येक पांढऱ्या फेट्याकडं त्यांची मान वळत होती. तो फेटा मीच त्यांना दिलेला.

माझं नाव पुकारलं. मी मुसळ खांद्यावर घेऊन उभा राहिलो, मान वर केली आणि पाच नंबरच्या आत, कनातीला टेकून, तुम्ही बसला होता. डोक्याला मळकं उपरणं, मिशा नाहीत. मिशा काढल्यावर तुम्ही किती आईसारखे दिसता! हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. तुम्ही शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि माझ्याकडं बघून हनुवटी वर केली. मार, असं. लहानपणी करायचात तसं.

तुमच्यात आणि त्यांच्यात वीस-पंचवीस हातांचं अंतर नव्हतं. ते चुकीच्या दरवाज्याशी उभे होते म्हणून. नाहीतर तुम्ही आत पाऊल टाकलं तिथंच झालं असतं. आत येताना तिथं कुणी नसलं तरी मॅच संपली की सगळी गर्दी गोठ्याच्या अंगानंच बाहेर पडणार होती, सहा नंबरवरून. तुम्हीही त्यातच असणार होता, मला भेटायला, हसत.

ओरडलो असतो तर नाव कळलं असतं.

दादा, महिनाभर मी एकाच गोष्टीसाठी जगलो होतो. तुम्ही पाहत असताना एक टोला हाणायचा, असा, की चेंडू मिशनच्या देवळाच्या घंटेला लागेल, आणि मग तुम्ही मला लेकरू म्हणून दाखवा. पहिला चेंडू आला तो अगदी ताटात वाढल्यासारखा आला. आंधळ्यानं मारला असता. मी मुसळ फिरवलं आणि त्याच्या हातभर वरून नेलं.

लोक हसले. तुम्हीही हसलात. मी पाहिलं, तुम्ही हसलात आणि शेजारच्याला काहीतरी म्हणालात.

दुसरा चेंडू. मी पुन्हा हुकवला, या वेळी इतक्या उशिरा फिरवलं, की मागच्याच्या हातात चेंडू आला होता. पादरीसाहेब कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिला. लोक ओरडायला लागले, देहाती, गँवार, काय काय. मी फक्त तुमच्याकडं पाहत होतो. तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, खूप वेळ, मग माझी नजर जिकडं गेली तिकडं, सहा नंबरकडं, मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी.

तिसरा चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत मी वर पाहिलं नाही. हुकवला. मग पाहिलं. कनातीशी शेंगांची टरफलं होती आणि पुडा उलटा पडलेला होता.

दादा, तुम्ही समजून गेलात का? की वैतागून गेलात? म्हणालात का, एवढ्या लांब आलो आणि या दळभद्र्याला एक चेंडू मारता आला नाही? मला ते कळायला काही मार्ग नाही. तुम्ही गेलात एवढंच मी पाहिलं. पण मला वाटतं समजलात. उकंडरावाच्या खळ्यावर तुम्ही इतकेच पटकन निघायचात, मागं न बघता.

आम्ही हरलो. गोपीचंदनं मला टांग्यात शेजारी बसवून घरी आणलं. दाराशी उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "संतराम, तुम तो कभी चूकते नहीं." मी म्हटलं, "उन्हानं डोळे दिपले." तो म्हणाला, "पाँच नंबर की तरफ़ देख रहे थे तुम. बराबर?" मग खोलीत बसायला सांगून तो बाहेर गेला. मघाशी खाली एक मोटार येऊन थांबली आहे. ती अजून तिथंच उभी आहे आणि रतनसिंगनं खाट दारातून आत ओढली आहे.

लच्चम्मा चुलीपाशी थांबली आहे, हे पत्र न्यायला. ती रडते आहे, तिला काय कळलंय कोण जाणे. तिच्यासोबत वहिनीच्या बांगड्या देतो. त्या हिरव्या आहेत, वहिनीला खुशाल घालू द्या. तुम्ही हद्दीपलीकडं पोचल्यावर मगच तिला सांगा, की संतरामनं पाठवल्या.

मला उत्तर लिहू नका. या पत्त्यावर तर मुळीच नाही. माझ्या नावानं काही पत्र आलं, ये म्हणणारं, माझ्या अक्षरात असलं तरी, तर येऊ नका. मला लिहायला लावतील.

जिन्यावर गोपीचंद हाक मारतोय, बेटा म्हणून. एवढ्या गोड आवाजात त्यानं मला आजवर हाक मारली नव्हती. तुम्ही पळालात, आता मार खायची माझी पाळी. आपला जुनाच कायदा आहे तो, मी कुरकुर करत नाही. फक्त एक टोला दाखवायचा राहिला, तो हळद वाळत पडली की दाखवीन.

तुमचा संत्या